आबा कुणासाठी उठत नसत

आमच्या वाडीतले आबा कुणासाठी उठत नसत. सरपंच येवोत, फौजदार येवो, नाहीतर व्याही. आबा घोंगडीवर मांडी ठोकून बसलेले. "या पावणं, टेका," म्हणायचे, चहा सांगायचे, पण जागचे हलायचे नाहीत. बेल्ह्याच्या बाजारात मेंढरं विकतानासुद्धा टेम्पोतून आलेल्या व्यापाऱ्यालाच खाली बसावं लागायचं. लोक त्यांना आडमुठे म्हणत. म्हणोत बापडे!

लहानपणी आबांना बापाबरोबर मेंढरं घेऊन जाताना चावडीपुढं पायताण हातात घ्यावं लागे, हे त्यांनीच मला सांगितलं. "सातंत्र्य आलं तवा बा म्हणला, आता न्हाई वाकायचं." तेव्हापासून आबा उठत ते फक्त झेंड्यासाठी. मी वाडीच्या शाळेत मास्तर. "दरवर्षी तेच झेंडावंदन, आबा, कंटाळा नाही येत?" असं एकदा चिडवलं, तर म्हणाले, "मास्तर, वाकायची सवय लई लवकर लागती. वर्सातनं एकदा पाठ ताठ हाय का बगावं मानसानं."

स्वातंत्र्याच्या पंच्याहत्तरीला वाडीनं मोठा मांडव घातला. प्रमुख पाहुणे तालुक्यातले एक बडे साहेब. आबांची नात कोमल या साहेबांच्या संस्थेच्या शाळेत तात्पुरती शिक्षिका होती आणि तिला कायम करणं त्यांच्याच हातात होतं. आबांचा मुलगा आदल्या दिवसापासून विनवत होता, "आबा, एकडाव उठा. पोरीच्या नोकरीचा सवाल हाय."

साहेब आले तेही चांगले उशिरा. तोवर पोरं पावसात भिजून काकडली होती. अख्खा मांडव ताडकन उभा राहिला. आबा खुर्चीत तसेच. साहेब त्यांच्यापुढं थांबले, हसले. "काय आबा, गुडघे धरलेत वाटतं?"

नुसतं "व्हय" म्हटलं असतं तरी भागलं असतं हो!

"गुडघं बरं हायेत, सायेब," आबा म्हणाले. "झेंडा वर जाऊ द्या, उठतो."

आणि उठले. काठी बाजूला ठेवून राष्ट्रगीत संपेपर्यंत उभे राहिले.

कोमलची नोकरी गेली. मुलानं आबांशी बोलणं टाकलं, आणि त्या हिवाळ्यात आबा तसेच गेले. कोमल आता जीपनं नारायणगावला जाऊन शिकवण्या घेते. मला त्या साहेबांचा अजून संताप येतो.

पुढच्या पंधरा ऑगस्टला पुन्हा तेच साहेब. अख्खा मांडव पुन्हा उभा राहिला. आबांच्या खुर्चीत कोमल बसली होती, ती बसूनच राहिली. उभ्या असलेल्या बापानं तिच्याकडं पाहिलं, साहेबांकडं पाहिलं, आणि तोही खाली बसला.