डब्यातली वार

माझी लेक हैदराबादला संशोधन करते. माणसाच्या अंगातलं एक जनुक तिला कॉम्प्युटरवर सापडलं, अजून नावही न पडलेलं. एका ओळखीच्या एन्झाइमच्या जनुकाशी त्याची अक्षरं जुळत होती, म्हणजे हेही एन्झाइमच तयार करत असणार. पण अंगात कुठं? हृदय, मेंदू, मूत्रपिंड, यकृत, सगळीकडं तिनं शोधलं, सगळं कोरं. फक्त बाळामागून पडते त्या वारेत एक पुसट खूण दिसली. एका वारेवर कोण विश्वास ठेवील, असं तिचे सर म्हणाले. आणखी नमुने तर मिळेनात. तेवढ्यात दुसऱ्या कुणी छापून टाकलं तर हिची इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

हे मला कसं कळतं म्हणाल? शाळा तर मी पाहिलीच नाही. तिच्याच पुस्तकांतून वाचायला शिकले. समजलं नाही की तिला विचारून विचारून छळते.

चार दिवसांच्या सुटीवर पालमला आली आणि आमच्या दोन खोल्यांत नुसत्या येरझाऱ्या. चहा निवून जायचा. तिची तगमग मला बघवेना.

त्यात सकाळी जाऊबाईंचा फोन. पुतणीला कळा सुरू झाल्या, गंगाखेडला दवाखान्यात आणलंय. लेकीला काही न सांगता मी स्टीलचा डबा घेतला आणि बस धरली.

दुपारी मुलगी झाली. आमच्याकडं वार अंगणात पुरतात, म्हणून जाऊबाईंनी ती मागून घेतली होती.

"मला द्या," मी म्हणाले. "लेकीच्या अभ्यासाला पाह्यजे."

"अवो बाई, वारेचा कसला अभ्यास करायलीय ती? एवढं शिकवलं ते ह्याच्यासाठी व्हय?"

पण दिली बिचारीनं. रसवंतीवाल्याकडून बर्फ घेतला, डबा मांडीवर ठेवून परत बसमध्ये बसले. बस काही हलेना. मी डबा पदराखाली घेतला.

कंडक्टर म्हणाला, "मावशी, तूप हाय का खवा? लय सांभाळायलाव."

"तुमी तिकीट द्या," मी म्हटलं.

घरी लेकीनं झाकण उघडलं आणि तसंच परत लावलं.

"आई, कुणाला विचारून आणलंस हे?"

"तुझ्या काकूला."

"आणि जिची हाय तिला?"

पुतणी दवाखान्यात आतल्या खाटेवर चांगली जागी होती. दारातून मला दिसलीही होती. तिची वार घेऊन मी निघाले आणि तिला एका शब्दानं विचारलं नाही. खरं सांगते, सुचलंच नाही.

"तिची सही लागते, आई. आमच्या संस्थेतल्या समितीची परवानगी लागते. आणि ही वार तर आता कामातूनच गेली." मग तिनं समजावलं. जनुक जिथं काम करतं तिथं त्याची एक चिठ्ठी निघते. ती सापडली तरच खूण उमटते. पण चिठ्ठी लय कच्ची, वार लगेच गोठवली नाही तर विरून जाते.

संध्याकाळी वार परत द्यायला दोघी डबा घेऊन दवाखान्यात गेलो. पुतणीला मी सगळं सांगितलं.

"काकू, मी काय न्हाई म्हणले असते व्हय?" ती म्हणाली. "फक्त कळांच्या आधी विचारायचं. कळांत कुणाला सुधरतंय?"

लेकीनं तेच मनात धरलं. सुटी अर्धी टाकून दुसऱ्या दिवशी हैदराबादला गेली. नमुन्यांची वाट बघत बसणं सोडलं. परवानगी काढून गरोदर बायांच्या तपासणीच्या रांगेपाशी स्वतः जाऊन बसायला लागली, एकेकीला सगळं समजावून विचारायला लागली. इकडं मी रोज फोनकडं बघायची. वाजला की तिचाच आहे का ते आधी बघायची.

काही महिन्यांनी तिचा आला. "आई, खूण दिसली! सगळ्या नमुन्यांत दिसली. दुसरीकडं कुठंच न्हाई, फक्त वारेत."

मी विचारलं, "सगळ्या बाया हो म्हणल्या?"

"एक न्हाई म्हणली."

"का गं?"

"ते विचारायचं नसतं, आई."

बरं म्हटलं आणि फोन ठेवला. शेजारीपाजारी साखर वाटून आले. पण जीव त्या एका बाईपाशीच घुटमळत राहिला.