व्यासराजरावांची खोपी

खांबेटे साहेब पुण्याहून मद्रासेत आले त्या दिवसापासून व्यासराजरावांचं त्यांच्याशी पटलं नाही, आणि पटावं म्हणून दोघांपैकी एकानंही कधी बोट हलवलं नाही. मैलापुरातली एकच नकाशांची कचेरी, समोरासमोर टेबलं, दोघेही मराठी. तमिळ कारकून कौतुकानं म्हणत, आता तुम्हाला घरचं माणूस मिळालं. असली माणसं घरात असती तर व्यासराजरावांनी कधीच संन्यास घेतला असता.

खांबेटे इंजिनीअर, वय बत्तीस. व्यासराजराव ड्राफ्ट्समन, वय एकावन्न, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले, पिढ्यान् पिढ्या तिकडेच रुजलेले. पहिल्याच आठवड्यात खांबेट्यांनी सगळ्यांदेखत म्हटलं, "तुमचं मराठी ऐकलं की शिलालेख वाचल्यासारखं वाटतं, व्यासराज." नावापुढचा 'राव' त्यांनी तेव्हाच छाटला. व्यासराजराव हसले नाहीत आणि विसरलेही नाहीत.

एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात वनखात्याचं एक लहानसं काम कचेरीत आलं. वंडलूरच्या राखीव रानात रखवालदाराला बायकोसह राहायला खोपी हवी होती. झाड एकही तोडायचं नाही, सिमेंट रानात न्यायचं नाही, आणि मोडतोड झाली तर रखवालदाराला स्वतःच्या हातानं नीट करता आली पाहिजे. कचेरीचे मालक वेंकटरमण अय्यर यांनी ते काम व्यासराजरावांपुढे ठेवलं. "हे तुम्हीच आखा," ते म्हणाले.

सत्तावीस वर्षं ज्या माणसानं दुसऱ्यांच्या इमारतींवर शाई फिरवली, त्याला पहिल्यांदा स्वतःचं काही मिळालं होतं. चार रविवार ते गाडीनं वंडलूरला गेले. तिथे काय मिळतं ते पाहिलं आणि तेवढ्यातच खोपी बसवली. वाळवी चढू नये म्हणून दगडी खुंटांवर उचललेली जमीन. तिथल्याच लाल मातीच्या भिंती. म्हाताऱ्या ताडाचे वासे, वर ताडाच्याच पानांचं छप्पर. दोन-तीन वर्षांनी उतरवायचं, नवं शाकारायचं, जुनं रानात कुजू द्यायचं. खोपीची पाठ ईशान्येला, तिथे भिंतीला एकही भोक नाही आणि छपराची वळचण पार गुडघ्यापर्यंत खाली ओढलेली. दार नैऋत्येला. समुद्रावरच्या वाऱ्यासाठी आग्नेयेला एक खिडकी. नकाशा पुरा झाला तेव्हा ते घरी दोनदा जेवले, असं त्यांची बायको भवानी सांगे.

नकाशा मंजुरीला खांबेट्यांकडे गेला आणि लाल पेन्सिलीनं रंगून परत आला.

"ही पाठ नैऋत्येला करा," खांबेटे म्हणाले. "पावसाच्या तोंडावर दार ठेवतं का कुणी?"

"हिंगं, या मद्रासेकडे, पाऊस तिकडून येत नाही, साहेब. आमचा पाऊस ऐप्पशी महिन्यात, दिवाळीच्या सुमारास. समुद्राकडून, ईशान्येनं येतो. तुमच्या मुलखाच्या उलट."

मद्रासेतला एकही पावसाळा न पाहिलेल्या त्या माणसानं खुर्ची मागं रेटली. "मान्सून मी कॉलेजात शिकलोय. तुम्ही रेघा मारा, व्यासराज. रेघांचाच पगार मिळतो तुम्हाला."

कारकुनांच्या माना खाली गेल्या. व्यासराजरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तोंडातून तमिळ होकार तेवढा निघाला, "सरी, साहेब."

टेबलाशी येऊन त्यांनी नवा नकाशा घेतला. लाल पेन्सिलीची प्रत्येक खूण मानली. पाठ फिरवली, दार फिरवलं, खिडकी फिरवली. सगळ्यात शेवटी कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण काढायचा असतो. तो त्यांनी बरोबर अर्धा फिरवून, टोक दक्षिणेकडे करून काढला. रानातला मिस्त्री होकायंत्र ठेवून त्या बाणावरच घर बसवणार. म्हणजे खोपी पुन्हा होती तशीच उभी राहणार. खांबेट्यांनी भिंती पाहिल्या, मापं पाहिली आणि सही ठोकली. बाणाकडे कोण बघतो? व्यासराजरावांना त्या रात्री जराही लाज वाटली नाही. उलट फार बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

खोपी उभी राहिली. तीन मैल रान तुडवायला नको म्हणून खांबेटे पाहणीला गेले नाहीत.

कार्तिकात वादळ आलं ते तीन दिवस हललं नाही. पाऊस निवळल्यावर वनखात्याचे अधिकारी, अय्यर, खांबेटे आणि नकाशांची गुंडाळी धरून व्यासराजराव असे सगळे वंडलूरला गेले. आजूबाजूच्या वस्तीत छपरं उडाली होती. खोपीत रखवालदाराची बायको कोरड्या चुलीवर पेज शिजवत होती.

अधिकारी खोपीला वळसा घालून ईशान्येच्या बाजूला आले, ओली वळचण हातानं चाचपली. "ही पाठ इकडे ठेवण्याची अक्कल कुणाची?"

खांबेट्यांनी वर सूर्याकडे पाहिलं, मग वळचणीकडे. त्यांना सगळं कळलं होतं. तरीही ते म्हणाले, "माझी."

"खोटं," व्यासराजराव म्हणाले. "यांनी पाठ नैऋत्येला करायला लावली होती. मी बाण उलटा काढला."

दुसऱ्या दिवशी अय्यरांनी दोघांना आत बोलावलं. ते रागावले होते आणि त्यांचं चुकत नव्हतं. "आज खोपी, उद्या शाळेची इमारत. ड्राफ्ट्समन उत्तर फिरवू लागला तर माझ्या कुठल्या नकाशावर मी भरवसा ठेवू? बाण हातून चुकला असं लिहून द्या, मी विसरून जाईन. समजून केलं असेल तर आज घरी जा."

"चुकला म्हणा ना," खांबेटे हळूच मराठीत म्हणाले. "विजयलक्ष्मीचं लग्न ठरतंय तुमच्या."

मुलीचं नाव त्या तोंडून ऐकताना व्यासराजरावांना किळस आली. पण म्हणणं खरं होतं. बाण चुकला म्हटलं की नोकरी राहत होती, लग्न होत होतं, आणि खोपी खांबेट्यांनी योजलेली, दैवानं उलटी बसलेली ठरत होती.

त्यांनी दौत ओढली आणि उभ्या उभ्याच लिहिलं: वंडलूरची खोपी साहेबांच्या हुकुमाविरुद्ध, समजूनउमजून, मी माझ्या बुद्धीनं योजली. खाली पूर्ण नाव घातलं.

अय्यरांनी तो कागद दोनदा वाचला आणि खांबेट्यांपुढे सरकवला.

"तुम्हीही सही करा."

"मी कशाला?"

"खोपी तुमची नव्हती म्हणून."

खांबेट्यांना टाक उचलायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ व्यासराजराव तिथेच उभे राहिले. सही झाल्यावर त्यांनी शाई वाळलेली पाहिली आणि मग ते घरी गेले.