न जळलेली पावलं

लवू वारला तेव्हा वनमाला तिशीची होती. मुलुंडच्या खाडीकाठच्या मिठागरात त्याने चौदा वर्षं अनवाणी वाफ्यांचा चिखलाचा तळ तुडवला होता. राख सावडायला गेलेला धाकटा दीर सहदेव परतला आणि त्याने सांगितलं. अख्खा देह जळाला, पावलं तेवढी राहिली होती. आगरातल्या माणसाचं असंच होतं, मीठ आतपर्यंत मुरतं, असं तिथले लोक सांगत. सहदेवने ती पावलं मिठात पुरली. वनमालाने ती पाहिली नव्हती; तरी पुढची आठ वर्षं चूल पेटवताना जाळापलीकडे तिला तीच दिसत.

सत्तावन्नच्या निवडणुकीत मिठाचे व्यापारी चंद्रप्रकाश शेठ उभे राहिले. सहा वर्षं लवूच्या जोडीने तळ तुडवला आणि त्या कष्टातून धंदा उभा केला, असं ते प्रत्येक सभेत सांगू लागले. सहदेव त्यांच्याच वखारीत कामाला होता.

"वहिनी, रविवारी व्यासपीठावर एवढंच म्हण, हे आमच्या ह्यांचे जोडीदार."

"ह्यांनी कधी नाव काढलं नाही यांचं."

"दादा काय घरी येऊन सगळं सांगायचा?"

"भाजीत मीठ कमी पडलं तरी दोन दिवस सांगायचे."

सहदेव हसला नाही. तिलाही शेठचं सांगणं खरं असावंसं वाटत होतं. लवूच्या शेजारी उभा राहिलेला, त्याला आठवणारा एक तरी माणूस जगात आहे, एवढंच तिला हवं होतं.

शुक्रवारी शेठ दारात आले. पाय धुऊन ओवाळायचं ठरलं होतं. विधवेने ओवाळायचं नाही, म्हणून निरांजन शेजारच्या कुंदाकडे आणि तांब्या वनमालाकडे. शेठ बूट काढून पाटावर उभे राहिले. तिने एकेक पाऊल हातात घेऊन धुतलं. गुळगुळीत टाचा आणि सरळ अंगठे पुसताना ती थांबली.

"काय झालं?" शेठनी विचारलं.

सहदेव पुटपुटला, "वहिनी, बारा वर्षं बुटात राहिल्यावर भेगा बुजतातच."

"भेगा बुजतात रे. चिखल धरून फाकलेला अंगठा परत आत येत नाही." मग ती वर बघून शांतपणे म्हणाली, "शेठ, तुमची पावलं जळतील."

शेठना तो शाप वाटला. न ओवाळून घेताच ते बूट चढवून निघून गेले. वनमालाने पाहिलं तेवढंच सांगितलं होतं.

रविवारी ती घरीच राहिली. कर्ण्यातून सभा ऐकू येत होती. गोष्ट तीच होती, सहा वर्षं, तोच तळ, तोच जोडीदार. लवूच्या जागी फक्त बाळ नावाच्या दुसऱ्या मेलेल्या गड्याचं नाव होतं.

बाळची बायको माइकवर आली आणि म्हणाली, "होय, हे आमच्या ह्यांचे जोडीदार."

त्या संध्याकाळी जाळापलीकडे बघायला नको म्हणून वनमालाने चूल पेटवली नाही.