माय नाही, बाई म्हन

"आली वं, आली!" असे ओरडतच ती यायची. हात ओले, ते पुसायला पदर आधीच पुढे ओढलेला, आणि तोंड हाक आलेल्या दिशेला. कोणी बोलावले, कशाला, हे आधी विचारायची तिला सवयच नव्हती. तिचे नाव मी इथे सांगत नाही. तसेही ते कोणी घेत नसे.

स्वातंत्र्य मिळाले त्याच सुमारास मी लग्न होऊन नागपुरात आले. गांधीबागेमागच्या गल्लीत आमची भाड्याची खोली आणि समोर त्यांचे घर. ओसरीवर बापाचा हातमाग, दिवसभर त्याची खटखट. आई धाकटीच्या बाळंतपणात गेलेली. मागे राहिले बाप, दोन भाऊ, ती धाकटी, आणि या सगळ्यांना सांभाळायला ही थोरली. मी आले तेव्हा ती सतरा-अठराची असेल, धाकटी पाचेक वर्षांची. धाकटी तिला "माय" म्हणायची. बिचारीने दुसरी माय पाहिलीच कुठे होती?

तुम्ही म्हणाल, स्वयंपाकपाणी काय, सगळ्याच थोरल्या मुली करतात. अहो, स्वयंपाकाचे मी बोलतच नाही! बाप विणलेली लुगडी शेठजीच्या दुकानात देऊन परतला की चपलांच्या आवाजावरून तिला कळायचे, आज त्याने माल नाकारला. लगेच ती भावांना डोळ्यांनीच गप्प करायची, पाण्याचा तांब्या पुढे ठेवायची आणि म्हणायची, "बाबा, ह्या लुगड्याचा काठ मस्त उतरला तुमचा." काठाचा विषय निघाला की बाप सैल व्हायचा. मग तो जेवायचा, आणि तो जेवला की घर जेवायचे. मोठा भाऊ परीक्षेत नापास झाला तेव्हा तिने त्याला एका शब्दाने विचारले नाही. दिवसभर सुताच्या कांड्या भरायला शेजारी बसवून घेतले. संध्याकाळी तो आपणहून रडला आणि मोकळा झाला.

मी एकदा विचारले, "आणि तू गं? तू कधी रडतेस?"

"मले कोन समजावन वं वहिनी? मंग रडून काय करू?" ती हसत म्हणाली. मला मात्र हसू आले नाही.

नातेवाईक यायचे, जेवायचे, "पोरगी मोठी गुणाची" म्हणायचे आणि जायचे. त्या 'गुणाची'चा मला असा संताप यायचा! तेवढे म्हटले की यांची जबाबदारी संपली.

तिला बघायला पहिली मंडळी आली ती उमरेडची. मुलाचा स्वतःचा माग होता. माझेच जांभळे लुगडे नेसून ती खाली मान घालून पाटावर बसली. तेवढ्यात धाकटी गुडघा फोडून घेऊन आत धावली, "माय वं!" झाले! ही पाटावरून उठली, "आली, आली" म्हणत पोरीला मांडीवर घेतले आणि सगळ्यांसमोर गुडघ्यावर फुंकर घालत बसली. मुलाची आई टक लावून बघत राहिली. हिच्या बापाने आपल्या बायकोच्या मरणाची हकीकत सांगितली, सगळे समजावले. मंडळी "कळवतो" म्हणाली. कळले ते तिसऱ्याच माणसाकडून. उमरेडला म्हणे चर्चा होती, लेकरू नेमके कोणाचे?

बाप माग सोडून उठला आणि तिच्यावरच ओरडला, "तूच शिकवलं तिले माय म्हनाले!"

तिने काही शिकवले नव्हते. पोरीने हाक मारली आणि हिने ओ दिली, एवढेच.

पुढे मौद्याचे स्थळ आले तेव्हा ती स्वतः माझ्याकडे आली. मला चहा ठेवू दिला नाही. माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"वहिनी, मले जायाचं आहे वं. कसंबी करून मले इथून जायाचं आहे. थकली मी. सगळ्यायचं मन धरू धरू थकली. मले कोनी विचारत नाही, तुले काय पाहिजे म्हनून." आणि मग ती रडली, माझ्या खांद्यावर तोंड दाबून, आवाज समोरच्या घरी जाऊ नये म्हणून.

त्या आठवड्यात मी जे पाहिले ते विसरणे शक्य नाही. दुपारी ती धाकटीला पुढे घेऊन बसायची. ओटीत फुटाणे. थोरल्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात. "माय नाही. बाई म्हन." पोरगी म्हणायची, "माय." फुटाणा नाही. "बाई म्हन वं, माही सोनी." पोरगी ओठ काढायची, "मंग माही माय कोन?" ही तोंड फिरवायची, डोळे पुसायची आणि पुन्हा सुरू. शेवटी पोरगी शिकली.

मौद्याची मंडळी आली. धाकटी कोपऱ्यात शहाण्यासारखी बसली, एकदाच म्हणाली, "बाई, पानी." मुलगी पसंत पडली. मी आमच्या दारातून बघत होते, मला नाचावेसे वाटले. पण रात्रीपासून बाप भिंतीकडे तोंड करून पडला. जेवेना, बोलेना. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "धाकटी मोठी होऊ द्या. एक-दोन साल थांबा म्हना त्यायले." भावांनी माना डोलावल्या. त्यांना भाकरी कोण देणार होते? मौद्याचे लोक कशाला थांबतील!

थांबा म्हणजे नकारच; तो निरोप गेला त्या संध्याकाळी धाकटीने तिला विचारले, "आता माय म्हनू?"

"म्हन," ती म्हणाली. मग तिने बापापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

त्यानंतर स्थळ आले नाही. भावांची लग्ने झाली, ते आपापली बिऱ्हाडे करून गेले. छप्पन साली नागपूरचे राजधानीपण गेले, त्यानंतर एक-दोन वर्षांत धाकटीचेही जमले. शहरातले शिकलेले घर. ते स्थळ हिनेच शोधले, बापाला पुढे करून आणि स्वतः मागे राहून हिनेच जुळवले. पण लग्नात आईच्या जागी चुलत चुलती बसली. बिनलग्नाची बाई मांडवात पुढे कशी चालेल? ती मागे चुलीपाशी पुऱ्या तळत होती.

निघताना तिला दाराशी आलेली पाहून धाकटीच्या सासूने विचारले, "ह्या कोण?"

नटलेल्या पोरीने मान वर केली नाही. म्हणाली, "ह्या आमच्या बाई."

माझे डोके असे फिरले! मी पुढे होणार तोच तिने माझे मनगट पकडले. "बोलू नोको वं वहिनी. बरोबर बोलली ते. म्यानंच शिकवलं होतं."

वरात गेली. दिवेलागणीला मी तिच्याबरोबर भांडी आवरत होते. गल्लीत एक पोर पडले आणि ओरडले, "माय वं!" ही ताडकन उठली. "आली, आली" करत उंबऱ्यापर्यंत गेली. पोराला त्याच्या आईने उचलले होते. ही दारातच थांबली. हाताची राख पदराला लागत होती.

"वहिनी," ती म्हणाली, "आता मले कोन काय म्हनून हाक मारन वं?"

 मागावरून बाप खोकला आणि म्हणाला, "अवं, पानी आन."

"आली," ती म्हणाली, आणि आत वळली.