टाकेबाईंची आलमारी

पुस्तकं मुलांपासून लांब ठेवायला लोक काय काय करतात. कुणी कुलूप लावतं, कुणी पानं फाडतं, कुणी पुस्तकच विकत घेत नाही. आमच्या शाळेच्या ग्रंथालयातल्या बाई पानं शिवायच्या. सुईत पांढरा दोरा ओवून, नको असलेली चार पानं एकमेकांवर नीट जुळवून, मोकळ्या कडेनं टाके घालायच्या. पुस्तक अख्खंच्या अख्खं मुलीच्या हातात जायचं, फक्त मधली तेवढी पानं उशीच्या अभ्र्यासारखी बंद.

म्हणून त्या टाकेबाई. पाचवीत नव्यानं आलेल्या मुलींना ते त्यांचं आडनावच वाटायचं. एकदा एका मुलीच्या वडिलांनी त्यांना 'टाके मॅडम' म्हणून लग्नाची पत्रिका पाठवली. बाई त्या लग्नाला गेल्या आणि तिथं दिवसभर टाके मॅडम म्हणूनच वावरल्या.

आमची मुलींची शाळा शहागंजाच्या अलीकडे, निजामाच्या काळातल्या इमारतीत. पोलीस ॲक्शनच्या आधी तिथं सगळं उर्दूतून चालायचं. नंतर मराठी आली, पण भिंती त्याच राहिल्या आणि आलमाऱ्याही त्याच. 'कपाट' हा शब्द आम्ही पुण्याच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवला होता. बाई स्वतः उर्दूतून शिकलेल्या, त्यामुळे परवानगीला त्या इजाजत म्हणत. मूळच्या त्या शिवणाच्या बाई. ग्रंथपालाची जागा काही मंजूर होईना, तेव्हा ज्यांच्याकडे तास कमी त्यांच्याकडे किल्ली, असा सरळ हिशेब मोठ्या बाईंनी केला. चित्रकलेच्या सरांचे तास कमी असते, तर त्यांनी नको ती पानं रंगवून टाकली असती. आमच्या नशिबात सुई होती.

पुस्तकांची निवडही त्या कापडासारखीच करत. गुलमंडीवरच्या दुकानात जायच्या, कागद दोन बोटांत चोळून बघायच्या, शिवण ओढून बघायच्या आणि मग मधलंच पान उघडून उभ्या-उभ्या वाचायला लागायच्या. दुकानदार स्टूल द्यायचा, मग चहा. शेवटी म्हणायचा, बाई, घरी न्या, वाचून परत आणा, पण गिऱ्हाइकाला वाट द्या. त्यावर बाईंचं ठरलेलं उत्तर, "कापड दुकानात चांगलंच दिसतं, धुतल्यावर कळतं. पुस्तक वाचल्यावर कळतं." अशी धुऊन घेतलेली पुस्तकं त्या आणत. न धुता येणारी पुस्तकं म्हणजे संस्थेकडून येणारी भेट. त्यांत संस्थेच्या चिटणीससाहेबांनी स्वतः लिहिलेलं, मुलींनी कसं वागावं हे सांगणारं पुस्तक होतं. त्याच्या इतक्या प्रती होत्या, की हलणाऱ्या टेबलाखाली घालायलाही तेच वापरत.

आलमाऱ्या तीन होत्या, इयत्तांप्रमाणे. आठवीच्या मुलीला दहावीच्या आलमारीतलं पुस्तक मागायची इजाजत नव्हती. मी आठवीत असताना एकदा तिथली एक कादंबरी मागताना दहावीतल्या बहिणीचं नाव पुढे केलं.

"मग बहिणीला पाठव," बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, ती आजारी आहे.

"आजारी माणसानं तर हे वाचूच नाय. लई रडवतं."

मला बहीणच नव्हती, हे त्यांना हजेरीवरून ठाऊक होतं. पण त्यांनी तसं म्हटलं नाही. उलट आठवडाभर रोज बहिणीच्या तब्येतीची चौकशी केली. शेवटी कंटाळून मीच तिला बरी करून सासरी पाठवली.

आता टाक्यांचं. टाका घातलेलं पान म्हणजे वाचण्यालायक पान, हे कळायला आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. पुस्तक हातात आलं की आम्ही आधी कडेवरून बोट फिरवायचो. दोरा लागला की पुस्तक चांगलं. घरी जाऊन टाके उसवायचे, वाचायचं, परत शिवून ठेवायचं. वाचल्यावर बहुतेक वेळा निराशाच पदरी. पाच पानं शिवलेली, आणि आत काय, तर नायकानं नायिकेचा हात धरलाय, तोही ती चिखलात घसरली म्हणून.

मी परत केलेलं पुस्तक बाई उजेडात धरायच्या. "हा टाका माझा नाय, हा तुझा. लई ढिला." मग मला समोर बसवून तो उसवायला लावायच्या आणि नीट घालायला लावायच्या. वाचल्याबद्दल कधी एक शब्द नाही. त्या घालत तो कच्चा टाका असायचा. कच्चा टाका नंतर काढायचाच असतो, हे शिवणाच्या तासाला त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. पण एका तासाला शिकलेलं दुसऱ्या तासाला वापरायची आम्हाला सवय नव्हती.

मी दहावीत गेले आणि ती आलमारी कायद्यानं माझी झाली, त्याच वर्षी गडबड झाली. चिटणीससाहेबांची पुतणी आमच्या वर्गात. अत्यंत सरळ मुलगी. टाका असला की तिथंच थांबायची. तिनं एक कादंबरी नेली, मी आठवीत मागितलेलीच. तिच्यातल्या भागीरथीला माहेरचे लोक न विचारता परत सासरी धाडतात. पुढची पानं शिवलेली होती, म्हणून पुतणीनं पुस्तक मिटलं आणि जेवताना सगळ्यांसमोर काकांना विचारलं, की आपल्या आत्याला परत पाठवली तेव्हा तिला विचारलं होतं का. म्हणे त्या रात्री त्यांच्या घरी कुणी दुसरी पोळी घेतली नाही.

शनिवारी आम्ही ग्रंथालयात शिवणाच्या तासाला रुमाल शिवत बसलो होतो, तेव्हा साहेबांचा हुकूम आला. ज्या पुस्तकात टाका सापडेल, ते रद्दीत. ज्या अर्थी बाईंनी शिवलंय, त्या अर्थी ते आक्षेपार्ह आहे, हे बाईंनीच ठरवलंय. सोमवारी समिती येणार, आणि रद्दीवाल्याला गाडा घेऊन यायला सांगितलंय.

बाई तो कागद हातात घेऊन दहावीच्या आलमारीसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी उभ्यानं वाचून, घरी नेऊन, भांडून आणलेली सगळी पुस्तकं याच आलमारीत होती, टाके घातलेली. आणि आमच्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी पंचांग सोडून दुसरं पुस्तक नव्हतं. शाळा सुटली की लग्न. जे वाचायचं ते याच वर्षी.

शहनाज माझ्या बाकावर बसायची, तिच्या अब्बांचं शहागंजात शिवणसामानाचं दुकान होतं. ती म्हणाली, "बाई, उसवून टाकू ना सगळे. किस्सा खतम."

"भोकं दिसतात गं," बाई म्हणाल्या. "कापड भोक विसरतं, कागद विसरत नाय." मग म्हणाल्या, "रुमाल ठेवा बाजूला. तिन्ही आलमाऱ्यांतली पुस्तकं काढा. सगळ्यांना टाके घाला."

आम्हाला वाटलं, धक्का बसलाय. पण बाई खुर्चीवर बसून सुया ओवायला लागल्या होत्या. मग वर्ग कामाला लागला. शब्दकोश शिवला, पाककृती शिवल्या, कुक्कुटपालन शिवलं. पांढरा दोरा संपला, तेव्हा शहनाजनं दुकानातून रिळं आणली, तिच्या अब्बांनी न खपणारे रंग दिले होते. मला सगळ्यांत मोठं म्हणून नकाशांचं पुस्तक मिळालं. मी ते मांडीवर घेऊन इतक्या तळमळीनं शिवलं, की उठायला गेले तर आशिया खंड माझ्या स्कर्टसकट उठला.

"बैठ, बैठ," शहनाज म्हणाली, "दुनिया आली ना तेरे साथ."

बाईंनी येऊन कात्रीनं मला पृथ्वीपासून सोडवलं. म्हणाल्या, तुझा पहिला पक्का टाका, आणि तोही चुकीच्या जागी.

सोमवारी समिती आली. चिटणीससाहेब पुढे, मागे मोठ्या बाई, फाटकाशी गाडा. आम्हा काही जणींना पुस्तकं काढून द्यायला उभं केलं होतं. दहावीची आलमारी अपेक्षेप्रमाणे खाली आली. मग साहेबांनी सहज म्हणून पाचवीचं एक पुस्तक उघडलं. चिमणीची गोष्ट, शिवलेली. शब्दकोश, शिवलेला. कोंबड्या, शिवलेल्या. ढीग साहेबांच्या गुडघ्यापर्यंत आला.

"टाके ताजे दिसतात," साहेब म्हणाले.

"दोरा चांगला आहे, साहेब," बाई म्हणाल्या.

"आणि हा जांभळा?"

"पांढऱ्यासाठी संस्थेकडे अर्ज दिलाय. अजून मंजूर नाय."

मोठ्या बाईंना खोकला आला. तेवढ्यात मी पुढचा गठ्ठा दिला, त्यात साहेबांचं स्वतःचं पुस्तक होतं. पोपटी दोऱ्यानं शिवलेलं. साहेबांनी ते बराच वेळ न्याहाळलं आणि हळूच विचारलं, यात काय सापडलं.

बाई अत्यंत अदबीनं म्हणाल्या, "तुम्ही लिहिलंय, मुलींनी कधी खोटं बोलू नये. उलट्या बाजूला लिहिलंय, नवऱ्यानं हात उगारला तर माहेरी सांगू नये, विचारलं तर सुखात आहे म्हणावं. पोरी विचारतात, यातलं खरं कोणतं करायचं. मला जवाब येईना, म्हणून शिवलं."

बाहेर रद्दीवाल्यानं घंटी वाजवली. हुकूम हुकूमच होता. टाका असेल ते रद्दीत, मग साहेबांचं पुस्तकही रद्दीत, सगळ्या प्रतींसकट, आणि शहागंजात उद्यापासून त्यात भजी बांधली जाणार. साहेबांनी पुस्तक मिटलं. पुस्तकं सध्या आहेत तिथंच राहू द्या, म्हणाले. रद्दीवाल्याला जुनी वर्तमानपत्रं देऊन वाटेला लावलं.

आम्ही जिंकलो, असं आम्हाला संध्याकाळपर्यंत वाटलं. साहेब हुशार होते. दुसऱ्या दिवशी बाईंकडची किल्ली काढून घेतली. शिवणाच्या बाईंनी शिवण शिकवावं, असं कळवलं. ग्रंथालयाला लवकरच शिकलेला माणूस नेमू, तोवर आलमाऱ्या बंद. माझं वर्ष संपेपर्यंत तो माणूस काही आला नाही. काचेतून भागीरथीची कादंबरी दिसायची. मी तिची वाट आठवीपासून बघत होते, आता तिला कुलूप.

बाईंनी पहिल्या तासाला आम्हाला परकराचा घेर दुमडायला दिला. वर्ग सुतकी. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "हात चालू ठेवा. तर, भागीरथी."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. शिवण्यासाठी प्रत्येक पान त्यांना वाचावंच लागलं होतं, त्यामुळे ती आलमारी त्यांच्या तोंडपाठ होती. त्या वर्षी आम्ही किती घेर दुमडले कुणास ठाऊक. सासरी पाठवलेली भागीरथी रात्री विहिरीपाशी जाते, तिथं बसते, विचार करते, आणि पहाटेच्या गाडीनं सिल्लोडला निघून जाते. तिथं शिवणयंत्र घेते, पोलकी शिवते, आणि तिला न्यायला आलेल्या नवऱ्याचं माप घेऊन त्यालाही सदरा शिवून परत पाठवते. शहनाज हे ऐकताना बोटात सुई टोचून घ्यायची. पुढे तिनं अब्बांना सांगून दुकानाच्या माडीवर स्वतःचा शिवणवर्ग काढला. मी मात्र सदरा शिवायच्या नादाला लागले नाही. नवऱ्यानं मानलेल्या उपकारांत हा एक आहे.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी ती कादंबरी मला दुसऱ्या एका ग्रंथालयात सापडली. न शिवलेली. घरी येऊन मी अधाशासारखी शेवटची पानं काढली. त्यात सिल्लोड नव्हतंच. भागीरथी विहिरीपाशी जाते आणि उडी मारते. वर लेखकानं अर्धं पान चांदण्याचं वर्णन केलं होतं.

मी पुस्तक घेऊन तडक बाईंकडे गेले. त्या तेव्हा मुलाकडे राहत, नजर कमी झालेली, सुई सुटलेली. मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि विचारलं, बाई, तुम्ही शेवट बदललात?

त्यांनी सवयीनं कागद दोन बोटांत चोळला.

"मी कशाला बदलू? तो लिहिणारा विहिरीपाशी थांबला. मला घरी सैपाक होता, मला कुठं थांबता येतं? मी पुढं गेले." मग पुस्तक परत देत म्हणाल्या, "पोरीला देणार असशील तर अजून थांब थोडी. आत्ता नुसतं तोंडी सांग."

बाई गेल्याला आता बरीच वर्षं झाली. माझ्या मुलीला मी ती गोष्ट तोंडीच सांगितली, आणि ती दर वेळी विचारायची, मग पुढे काय झालं. मला काय, मी सांगत गेले. गेल्या दिवाळीपर्यंत भागीरथीच्या दुकानात हाताखाली चार बायका होत्या. आता मुलगी म्हणते, तिनं चितेगावला जागा घेऊन कारखाना काढावा. मी म्हटलं, घाई करू नको, आधी तिला विचारू.