परक्याचं हाड

देवीवर एवढी चिडले होते मी, की यंदा घट बसवायचेच नाहीत असं ठरवून टाकलं होतं. आमचे हे नायगावजवळच्या खेड्यात शिक्षक. शाळेतून येताना ट्रॅक्टरनं मोटारसायकल उडवली आणि नडगीच्या हाडाचा चुरा झाला. नांदेडला हाडाला स्टीलची पट्टी बसवली, ती वाकली. मग यांच्याच कमरेचं हाड काढून तिथं भरलं, तेही विरून गेलं. वर्ष अंथरुणात गेलं. माहूरची रेणुकामाता आमचं कुलदैवत, तिच्या दर्शनाला यांनी कधी खंड पडू दिला नाही, आणि त्याचं हे फळ?

लातूरच्या डॉक्टरांनी शेवटचा उपाय सांगितला. मरणानंतर दान केलेल्या हाडापासून केलेला मऊ लगदा मिळतो. तो जाड सिरिंजनं पोकळीत भरायचा, त्याच्या आधारानं आपलं हाड धरतं. नाहीतर पाय कापायचा. मी लगेच हो म्हणाले, पण हे अडून बसले. रोज सोवळ्यात पूजा करणारा माणूस. मेलेल्याचं हाड अंगात घेऊन देवघरात कसा बसू, म्हणाले, हे सुतक जन्मभर फिटायचं नाही. मी रडले, भांडले, नाही नाही ते बोलले. शेवटी पाय कापा, असं नर्सला सांगून हे मोकळे झाले.

शेजारच्या खाटेपाशी एक बाई बसली होती. तिचा तरणा लेक दुपारीच वारला होता आणि त्याला गावी न्यायच्या गाडीची ती वाट बघत होती. ती उठून आली, यांच्या पायावर हात ठेवला.

"गुरुजी, कुणी मागितलं असतं तर मी माझ्या लेकाचं हाड न् हाड देलं असतं. तुमच्या अंगात चाललं-फिरलं असतं. आता समदं जळून जाईल."

एवढं बोलून ती परत लेकापाशी बसली. हे भिंतीकडे तोंड करून हमसून हमसून रडले. सकाळी डॉक्टरांना हो म्हणाले.

ती देवी होती असं मी म्हणणार नाही. जिचा लेक दुपारी गेला, तिला देवी म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण त्या घटकेला तिला आमच्याकडे धाडणारं कुणीतरी होतं, एवढं मानावंच लागतं. देवीपुढे मी पदर पसरला होता तो माझ्या मनासारखं व्हावं म्हणून. मिळालं ते कुणाच्या तरी मरणातून, आणि ते खाली मान घालून घ्यावं लागलं. घट मी बसवले.

पाय राहिला. थोडा आखूड झाला, थंडीत ठणकतो, मांडी घालता येत नाही. पुढच्या वर्षी सर्वपित्रीला हे खुर्चीवर बसूनच तर्पण करत होते. वडील-आजोबांची नावं झाली, भटजी आवरायला लागले, तेव्हा यांनी अजून एक आहेत म्हणून थांबवलं. नाव ठाऊक नव्हतं, गोत्रही नाही. भटजी म्हणाले, गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणतात, तेच म्हणा, पण हे तुमचे कोण?

यांनी नडगीवरून हात फिरवला. "घरचेच आहेत," म्हणाले, आणि पाणी सोडलं.