मी खाल्लेली पिशवी

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला? याच तोंडाने मी पिशवी खाल्लीय!

झालं असं, की खारघरच्या आमच्या सोसायटीत कचऱ्याच्या काळ्या प्लास्टिक पिशव्या बंद करायच्या, हे माझ्या डोक्यात बसलं. पण मग वापरायचं काय? डब्यात वर्तमानपत्र घालून पाहिलं. कोळंबीची सालं पडली की त्याचा लगदा! शेवटी मक्याच्या स्टार्चच्या पिशव्या मागवल्या. विकणाऱ्याने व्हिडिओही पाठवला. त्यात एकाने पिशवीचा तुकडा गरम पाण्यात विरघळवला आणि ते पाणी चक्क पिऊन टाकलं.

म्हटलं, रविवारच्या मीटिंगला या पिशव्यांचा ठराव मांडायचा आणि हेच करून दाखवायचं!

निघताना घाईघाईत पार्सल फोडलं आणि हाताला आली ती पिशवी खिशात कोंबली.

सगळ्यांसमोर ग्लासात गरम पाणी घेतलं, तुकडा टाकला. मी ढवळतोय, तुकडा गरगर फिरतोय.

"विरघलत नाय वाटतं," पुढे बसलेल्या पाटीलकाकू म्हणाल्या. काकू मूळच्या इथल्याच गावच्या, बोलणं रोखठोक.

"पाणी कोमट झालंय, काकू."

चेअरमननी उकळतं पाणी मागवलं. तुकडा स्वच्छ धुऊन निघाला. चकाकायला लागला.

"मग ठराव पुढच्या मीटिंगला घेऊ या?" चेअरमन म्हणाले.

महिनाभर मी घरोघरी फिरलेलो. आता माघार घ्यायची?

"विरघळायलाच कशाला हवी? नुसती खाल्ली तरी काही होत नाही!" असं म्हणून मी तुकडा तोंडात टाकला.

चावतोय. चावतोय. अख्खी सोसायटी माझ्या जबड्याकडे बघतेय.

"चव कशी हाय?" काकूंनी विचारलं.

"मक्याचीच," मी म्हणालो आणि गिळला.

टाळ्या! ठराव मंजूर!

तेवढ्यात आमची ही धापा टाकत आली. हातात हिरव्या पिशव्यांचा रोल.

"अहो, पिशव्या घरीच विसरलात की!"

"मग मी आणली ती?"

"ती वरची पॅकिंगची. साधं प्लास्टिक. का हो, काय झालं?"

काय झालं ते तिला काकूंनीच सांगितलं. साभिनय.

तासाभरात आम्ही दवाखान्यात. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं.

"घाबरू नका. तुकडा छोटा आहे, एक-दोन दिवसांत आपोआप बाहेर पडेल."

माझ्या जिवात जीव आला. हिचं मात्र समाधान होईना.

"ते ठीक आहे, डॉक्टर," तिने अगदी गंभीरपणे विचारलं, "पण तोवर यांना ओल्या कचऱ्यात धरायचं की सुक्या?"